बसून पाहिलेला सामना

जेबाने रिमोटवरचं दोन नंबरचं बटण तीनदा दाबून पाहिलं. तिन्ही वेळा टीव्हीखालच्या काळ्या पेटीवर दोनचा हिरवा दिवा लागला आणि तिन्ही वेळा तिने तो घालवला. मग रिमोट उलटा करून तिने सेल काढले, ओढणीला पुसून परत बसवले आणि चौथ्यांदा दाबलं. दिवा लागलाच.

"बटन त बरोबर हाये काकू," ती म्हणाली. "मंग ऑफिसात काहून दिसत नाई?"

रुखमाबाई स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन उभी होती. "काय दिसत नाई?"

"तुम्ही."

जेबाने पिशवीतून कागद काढून वाचून दाखवला. राजूरच्या या घरात एक नंबर रोज संध्याकाळी सात ते नऊ आणि हल्ली रविवारी दुपारी चारला न चुकता दिसतो. दोन नंबर मात्र सात महिन्यांत एकदाही दिसलेला नाही, तरी बटणात बिघाड आहे का ते पाहून यावं. जेबाला ही नोकरी लागून जेमतेम दीड महिना झाला होता. वणीला तिच्या अब्बांचं, अब्दुल गनींचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. लहानपण सगळं सोल्डरच्या वासात गेलेलं. बिघाड असता तर तो तिला सापडला असता.

पेटी बसून तीन वर्षं झाली होती. कोणत्या घरात कोण काय पाहतं याची मोजणी करणारी एक कंपनी होती आणि तिने निवडलेल्या घरांत हे घर आलं होतं. पेटीबद्दल बाहेर कोणाला सांगायचं नाही, ही पहिली अट. घरातल्या प्रत्येकाला एक नंबर. मारोती पाझारे एक, त्याची बायको रुखमाबाई दोन, मुलगा अश्वजित तीन. तो नोकरीला पुण्याला गेला तेव्हा तीन काढून टाकला. टीव्हीसमोर बसेल त्याने आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबून दिवा घालवायचा. पाहुणा आला तर वेगळं बटण. त्यात बाई की पुरुष आणि वय भरायचं.

मारोतीने हे फारच मनावर घेतलं. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस. उतरताना आपल्या नंबरचा बिल्ला फळीवर अडकवायचा, वर आल्यावर काढून घ्यायचा, ही त्याची सवय. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस अजून खाली आहे, त्याची वाट पाहायची. निवृत्त झाल्यावर त्याला असं कोणी मोजत नव्हतं, ते काम पेटीने पुन्हा सुरू केलं. सात वाजले की खुर्चीत बसून तो अंगठ्याने एक दाबायचा आणि दिवा लागला की मगच पाठ टेकायचा.

रुखमाबाईने मात्र दोन नंबर कधी दाबला नाही. मारोती आठवण करायचा तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं असे, "मी कुठी पाहून राह्यली? मी त तांदूळ निवडून राह्यली." तांदूळ निवडून व्हायचे, मग डाळ, मग काहीच नसलं तर निवडलेले तांदूळ पुन्हा. दाराच्या चौकटीला टेकून, उभ्याने. आधी दर महिन्याला गोविंदा नावाचा माणूस तपासायला यायचा. तो चहा घेता घेता स्वतःच दोन दाबून अर्धा तास ठेवायचा आणि ऑफिसचं समाधान करून जायचा. गोविंदाने पावसाळ्यात नोकरी सोडली. तेव्हापासून कोणी आलं नव्हतं, आणि तेव्हापासूनच दोनचा दिवा लागला नव्हता.

"तुम्ही पाहतच नाई का काही?" जेबाने विचारलं.

"कान असते माझा तिकडं."

"आणि काका? रोज बसतात?"

रुखमाबाईने सुपातला एक खडा वेचला. "बसतात," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा जेबा भिंतीसमोर उभी होती. वर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली मारोतीचा. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, कालकथित मारोती सोमाजी पाझारे, आणि दोन तारखा. दुसरी तारीख गेल्या आषाढातली होती. जेबाने ती वाचली आणि हातातल्या कागदाकडे पाहिलं.

खरं तर रुखमाबाईला फसवाफसवी येतच नव्हती. मारोती गेला तेव्हा सगळ्या कागदांवर तिने मुकाट सह्या केल्या होत्या. रेशन कार्डावरून नाव गेलं, मतदार यादीतून गेलं, खाणीच्या दप्तरातून गेलं. तेराव्या की चौदाव्या दिवशी, अश्वजित पुण्याला परतल्यावर, सात वाजता घर इतकं गप्प झालं की तिने टीव्ही लावला. पेटीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. कोण बसलं आहे ते सांगा, असा त्याचा अर्थ. ती कुठे बसली होती? ती तर उभी होती. तिने एक दाबला आणि लुकलुक थांबली. कोळशाच्या धुळीने काळवंडणारी ती पेटी ती रोज पुसायची आणि रोज सातला तो दिवा लावायची. जगात एवढ्या एकाच ठिकाणी मारोतीचा बिल्ला अजून फळीवर होता.

जेबा तशी कोवळी होती, पण मूर्ख नव्हती. तिने आवाज न चढवता समजावून सांगितलं. एक पेटी म्हणजे एकच घर धरत नाहीत, तिच्यामागे हजारो घरं धरतात. इथे एक लागला की या भागातले तितके म्हातारे टीव्ही पाहतात असा हिशोब होतो. आणि घरातला एक नंबर जरी खोटा निघाला तरी ऑफिस त्या घराचं सगळंच बाद करतं, खरा नंबरही धरत नाही. एवढं सांगून तिने कागदावर लिहिलं, एक नंबर भेटले नाहीत, पुन्हा यावे.

"पंधरा दिवसांनी येते काकू," दारात चपला घालताना ती म्हणाली. "तवरीक मी एवढंच करू शकते."

त्या पंधरा दिवसांत दीपा घरी आली.

दीपा म्हणजे मागच्या घरातल्या शकुबाईची पोर. मारोती जवानीत खाणीच्या संघात डाव्या बाजूचा बचाव खेळायचा. निवृत्तीनंतर त्याने त्याच मैदानावर चार पोरी गोळा करून चेंडू अडवायला शिकवलं. लोकांनी नावं ठेवली, तीन पोरी घरी बसल्या, दीपा टिकली. या हिवाळ्यात मुलींच्या फुटबॉलची नवी लीग सुरू झाली. सहा संघ, रविवारी चारला सामना, टीव्हीवर थेट. विदर्भाच्या संघात दीपा मारोतीच्याच जागेवर खेळत होती. संघ सहातून पाचवा होता हा भाग वेगळा. रुखमाबाईने एकही सामना सोडला नव्हता. चारला ती एक दाबायची, खुर्ची रिकामी ठेवायची आणि दारात सूप घेऊन उभी राहायची. "डावी मोकळी हाये," असं कधीतरी तोंडातून निघून जायचं.

खेळ तिला मारोतीपेक्षा कमी कळत नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा सार्वजनिक नळ मैदानाच्या कडेलाच होता. मैदानावर बायांनी जायची रीत नव्हती, नळावर जायला मात्र कोणाची ना नव्हती. सामना असला की ती घागर घेऊन रांगेत लागायची आणि आपला नंबर आला की मागच्या बाईला म्हणायची, तू भर आधी. असे आठ-दहा नंबर सोडले की अर्धा सामना पाहून व्हायचा. सासूला वाटायचं सून फार परोपकारी आहे.

दीपा दोन दिवसांसाठी आली होती, शेवटच्या सामन्याआधी. येताना तिने आजीसाठी, म्हणजे रुखमाबाईसाठी, संघाची टोपी आणली. पण पोरगी नेहमीसारखी बोलेना. रुखमाबाईने ताटात भाकर वाढली तेव्हा हळूहळू बाहेर आलं. नागपूरला लीगवाल्यांनी सगळ्या पोरींची बैठक घेतली होती. भिंतीवर आकडे दाखवले. मैदानात गर्दी बरी आहे, पण टीव्हीवर बाया पाहतच नाहीत. विदर्भातल्या लहान गावांत तर बायांचा आकडा शून्य. साबण, मसाला, साड्या यांच्या जाहिराती बाया पाहतात तिथेच येतात. शेवटच्या रविवारचा आकडाही असाच आला तर पुढच्या साली टीव्हीवर दाखवणार नाहीत. मोबाईलवर टाकतील, ज्याला पाहायचं त्याने पाहावं.

"आणि टीव्हीच नसली त लीग किती दिवस चालते आजी? दोन साल. मंग मले पुन्हा इथीच."

"शून्य कसा येईल?" रुखमाबाई म्हणाली. "तुही माय पाहते. मी..." आणि ती थांबली.

"मायच्या घरी मोजत नसतील न. कोणाकोणाच्या घरी यंत्र असते म्हणतात. त्या घरातल्या बाया काही पाहत नाई." दीपाने भाकरीचा तुकडा मोडला आणि पहिल्यांदा हसली. "एक सांगू? आपल्याकडं पाहणारे सगळे साठीच्या वरचे म्हातारे निघाले. मले हासू आलं. मी म्हटलं, आमचे मारोती आबाजी पाहत असतील वरून."

रुखमाबाई वाढण्यासाठी म्हणून आत गेली आणि चुलीपाशी नुसती उभी राहिली. वाढायला काही उरलं नव्हतं. तिला दीपाचा राग आला नाही, आकडेवाल्यांचाही आला नाही. राग आला तो स्वतःचा. तो शून्य परका नव्हता. तो तिच्याच टीव्हीखाली, तिच्याच हाताने रोज पुसलेल्या पेटीत बसला होता. आयुष्यभर नंबर सोडत आली, आणि तेव्हा वाटायचं आपण फक्त आपलाच सोडतो. आता त्या एका नंबरामागे हजारो बाया उभ्या होत्या, आणि पुढे ही पोरगी. आणि हे तिला सांगताही येत नव्हतं, कारण पेटीची गोष्ट कोणाला सांगायची नाही, असा शब्द मारोतीने दिला होता.

रात्री ती झोपली नाही असं नाही, झोपली. पण सकाळी उठून तिने पहिलं काम केलं ते जेबाला फोन करण्याचं. पंधरा दिवस व्हायचे होते, तरी शनिवारीच ये म्हणून सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला जेबा आली. तिने मोबाईलवर फॉर्म उघडला. नंबर एक, मारोती सोमाजी पाझारे. काढण्याचं कारण. तारीख. रुखमाबाईने तारीख सांगितली, भिंतीकडे न पाहता.

"मधल्या सात महिन्यांचं विचारतात काकू," जेबा अवघडून म्हणाली. "मी लिहिते, बटन ओळखण्यात चूक झाली."

"चूक नाई झाली. मी दाबत होती. खरं तेच लिही."

"पेटी काढून नेतील कदाचित. पुढच्या महिन्यात."

"नेऊ दे. उद्याचं त धरतील न?"

"उद्याचं धरतात. मागचे सात महिने बाद होतील."

रुखमाबाईला हे आधी कळलं नाही. मग कळलं तेव्हा ती खाली बसली, खुर्चीत नव्हे, खुर्चीच्या पायाशी. "म्हंजे सात महिने त्यानं पायलंच नाई, असं होईल?"

ते सात महिने त्याने पाहिलंच नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. आषाढात रडायचं राहिलेलं थोडं रडू रुखमाबाईला आत्ता आलं. जेबा उठली, तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि मोबाईल ओढणीखाली झाकून ठेवला.

"किती वाजले?" थोड्या वेळाने रुखमाबाईने विचारलं.

"सातला पाच कमी."

"सात वाजू दे."

सात वाजले. रुखमाबाईने टीव्ही लावला, एक दाबला, दिवा लागला. बातम्या सुरू होत्या. दोघींनी त्या पाहिल्या, म्हणजे बातम्यांकडे तोंड करून बसल्या. साडेसातला रुखमाबाईने मान हलवली. जेबाने ओढणीखालचा मोबाईल काढून फॉर्म पाठवला. पाच-सात मिनिटं काहीच झालं नाही. मग एकचा दिवा आपोआप गेला, आणि लाल लुकलुक सुरू व्हायच्या आत रुखमाबाईने उठून टीव्हीच बंद केला.

रविवारी दीपा मैदानावर आणि शकुबाई इकडे. दरवेळी आपल्या घरी पाहणाऱ्या शकुबाईला रुखमाबाईने या वेळी मुद्दाम बोलावलं, आणि गल्लीतल्या रुपीबाईलाही. रुपीबाईला फुटबॉलशी देणंघेणं नव्हतं, पण चहा मिळणार होता. दोघी पलंगावर बसल्या. रुखमाबाईने पदराखाली रिमोट धरला, पाहुण्यांचं बटण चाचपलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "शकू, तुही उमर किती व?"

"कायले पायजे?"

"असंच."

"अडतीस."

"दीपा बावीसची हाये न व. आणि तिच्यावर दोघं मोठे."

"त मंग चाळीस धर," शकुबाई उदारपणे म्हणाली.

रुखमाबाईने मनाशी सेहेचाळीस धरले आणि तेच भरले. काल खरं लिही म्हटलं होतं, आज खोटं भरायचं नव्हतं. रुपीबाईचा प्रश्न अवघड होता. आपण मोठ्या पुराच्या साली जन्मलो एवढंच तिला माहीत होतं, आणि पूर कोणता यावर तिचं नवऱ्याशी पटत नसे. शेवटी पूर, लग्न आणि थोरल्या मुलाचं वय असा हिशोब जुळवून दोघींनी मिळून बावन्न काढले. "काय बाप्पा, जनगणना सुरू केली का आज?" शकुबाई म्हणाली. पेटीवर पाहुण्यांचे दोन दिवे लागले. त्या दोघींनी दिव्यांकडे पाहिलंही नाही, कारण पडद्यावर मुली मैदानात उतरत होत्या आणि शकुबाई आपली पोर शोधत होती.

लाल दिवा अजून लुकलुकत होता. घरातलं कोण बसलं आहे ते पेटी विचारत होती.

रुखमाबाईने रिमोट पदराबाहेर काढला. एकचा आकडा मारोतीच्या अंगठ्याने पार पुसून गेला होता, तिथे नुसता गुळगुळीत रबर उरला होता. शेजारी दोनचा आकडा पेटी बसवल्या दिवसासारखा पांढराशुभ्र होता. तिने दोन दाबला. लुकलुक थांबली.

ती सवयीने दाराकडे वळली. सूप तिथेच भिंतीला टेकून ठेवलेलं होतं, त्यात सकाळचे तांदूळ. तिने सूप उचललं, आत नेऊन फळीवर ठेवलं आणि रिकाम्या हाताने परत आली. मारोतीच्या खुर्चीकडे तिने क्षणभर पाहिलं. मग पलंगावर रुपीबाईला म्हणाली, "सरक जराशी," आणि बसली.

सामना सुरू झाला. दीपा फारशी दिसत नव्हती. बचाव करणाऱ्या पोरींकडे कॅमेरा उगाच जात नाही, गोल खायची वेळ आली की मग जातो. विसाव्या मिनिटाला पलीकडची एक उंच पोरगी चेंडू घेऊन कडेने सुटली, आणि कुठूनशी दीपा आली, अंग खाली घालून तिने चेंडू काढला आणि मैदानाबाहेर भिरकावला. मारोतीने शिकवलं होतं अगदी तसंच, पाय आधी, घाई नंतर. शकुबाई पलंगावरून अर्धी उठली. समालोचकाने दीपाचं नाव चुकीचं घेतलं.

रुखमाबाई बसूनच होती. पाहण्यासाठी बसायची सवय नव्हती, पाठ नीट टेकत नव्हती. हातांचं काय करावं ते तिला कळेना. बोटं आपोआप मांडीवर खडे शोधत होती, नसलेले तांदूळ एका बाजूला सारत होती. तिने दोन्ही हात एकमेकांत धरले, मांडीवर ठेवले, आणि पूर्ण नव्वद मिनिटं तसेच ठेवले.